लिंबू पिळलेली कॉर्ड

पियानोवर एकदम दाबलेले चार-पाच सूर म्हणजे कॉर्ड, आणि डॉमिनंट कॉर्ड म्हणजे दारात उभं राहणं. पुढची कॉर्ड म्हणजे घर. दारात नुसतं उभं राहता येतं, नाहीतर आतल्यांचा जीव टांगणीला लावता येतो. त्यासाठी मूळ सुरापासून मोजलेला पाचवा आणि नववा सूर अर्ध्या सुराने वर किंवा खाली सरकवायचा. डाव्या हातात तिसरा आणि सातवा, उजव्यात हे सरकवलेले. मूळ सूर बासवाल्याचा, त्याला हात लावायचा नाही. हे मला कळलं आणि मी अख्ख्या गल्लीच्या नाकी नऊ आणले.

लाँड्रीतल्या कामावरून आले की बाराही पट्ट्यांतून तीच कॉर्ड. पुढची, घरी नेणारी, मी वाजवतच नसे. ती काय, कुणालाही येते! आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अर्नेटा, त्या बिचारीला घरात तरी घे! पालेभाजी चिरताना माझी सुरी अडकते."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गाण्याच्या क्लबचा पियानोवाला न्यूयॉर्कला पळाला आणि तिथे गाणाऱ्या मिस लुवेनियांनी मला बोलावलं. शनिवारी तालीम, रविवारी दुपारी कार्यक्रम. जमलं तर पियानोचं स्टूल माझं. नाहीतर जन्मभर परक्यांचे शर्ट आणि इस्त्री. मला ते स्टूल इतकं हवं होतं की घास उतरत नव्हता.

तालमीत मिस लुवेनिया एका ओळीवर थांबून सूर लांबवू लागल्या. मी तिथेच माझी लाडकी कॉर्ड ठोकली. त्यांनी गाणं थांबवलं.

"माझ्या रताळ्याच्या गोड पाय-पेस्ट्रीमध्ये लिंबू कोणी पिळलं?"

बासवाला रूफस फिदीफिदी हसला. मी तणतणले, "कॉर्ड बरोबर आहे, मिस लुवेनिया!"

"असेल गं बाई. पण मी सरळ नववा सूर गातेय आणि तू त्याला खेटून तोच अर्धा उतरवलेला वाजवतेस. मग चुकलं कोण, मी?"

त्या पर्स उचलत म्हणाल्या, "बोटांचा रियाझ झालाय तुझा. आता कानांचा कर. उद्या बघू."

घरी येऊन मी स्वतः त्यांची ओळ गात वाजवायला बसले. आवाज माझा फाटक्या भोंग्याचा, पण कुठला सूर गळ्याशी भांडतो ते लगेच समजलं. आईने कानांत बोटं घातली. "कॉर्ड परवडली, पोरी, गाणं आवर!"

रविवारी चर्चमधून लोक तसेच क्लबात आले. आई अगदी पुढच्या खुर्चीत, तिची जांभळी हॅट मागच्या सगळ्यांच्या आड येत होती. मिस लुवेनिया त्या ओळीवर थांबल्या. मी कॉर्ड साधीच ठेवली. बोटं नुसती शिवशिवत होती. सूर सोडून त्यांनी श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या जागेत मी माझी लिंबू पिळलेली कॉर्ड ठेवली, हळूच.

मिस लुवेनियांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरी जायचं सोडून त्यांनी माझाच वरचा आंबट सूर उचलला आणि धरून ठेवला. रूफस बासवर वाकून वाट बघत राहिला. कुणी खोकेना, कुणी ग्लास उचलेना.

"अगं लुवेनिया," आई हॅट सावरत ओरडली, "ये ना गं आता घरी!"

सगळा क्लब हसला आणि त्या हसण्यातच मिस लुवेनिया घरी उतरल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा ती पुढची कॉर्ड मनापासून वाजवली.

टाळ्या थांबेपर्यंत त्या पियानोशी आल्या. "पुढच्या रविवारी लवकर ये," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या आईला पुढचीच खुर्ची ठेव."