उघाडीची फळी

“फळी पाड रं दीना! भरती चढली!”

बांध राखणाऱ्या काळुरामकाकाची ती हाक दिनानाथांच्या कानात लहानपणापासून रुतून बसलेली. खाडीचं पाणी पावलापावलानं चढू लागलं की काका बांधावरून साद घालायचा, आणि दहा वर्षांचा दिनानाथ धावत जाऊन उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, लाकडी फळी खाली सोडायचा. फळी पडली की खारं पाणी बाहेर, भात आत सुखरूप.

आज तोच काका मंडपामागे, आमदार दिनानाथांसमोर मान खाली घालून उभा होता. सहाला प्रचार संपणार. साडेपाच वाजून गेले होते. बाहेर धरमतर खाडीकाठची सात गावं बसलेली. ती झुकतील तिकडे आमदारकी जाणार. दिनानाथांकडे राहील, नाहीतर विरोधातल्या कमळाकरकडे.

“दोनच वाक्यं, काका,” प्रचार सांभाळणारा निकेश पढवत होता. “मागच्या निवडणुकीआधी फळी माझ्या चुकीनं उघडी राहिली, गावाचं भात खारानं गेलं. दिनानाथभाऊंनी मला माफ केलं, गावानंही करावं. बस्स! तुमच्या नातीच्या, किमयाच्या हळदीला अख्खं गाव येतंय की नाही बघा.”

“पाच वर्सं गावात कुनी पानी इचारलं नाय,” काका म्हणाला. “बोलतो मी. नातीचं लगीन हाय.”

निकेश माईक बघायला गेला. काकाने डोक्यावरची टोपी सारखी केली.

“जिताडं केवढं गावलं व्हतं रं, दीना?”

दिनानाथांचा हात गळ्यातल्या हारावर थबकला. फळी उघडी राहिली त्या पहाटे तिच्याखाली बांबू अडकवून त्यांनीच जाळं लावलं होतं. तिकीट मागायला साहेबांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मासा मिळाला तसे ते तडक मुंबईला निघाले. बांबू तिथेच राहिला, भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं. पोटरीतलं भात उभ्या उभ्या करपलं.

“नऊ किलोचं,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“मंग तिकीट गावनारच!” काका हसला. “बांबू मीच काढला. तुज्या दारचा, वळखला.”

“मग बोलला का नाहीस?”

“गावचा पोर आमदार झाला तं बांध दगडाचा व्हईल, म्हटलं.”

कनातीच्या फटीतून बांध दिसत होता. मातीचाच. भरती त्याला चाटत होती.

काकाचं नाव पुकारलं गेलं. कठडा धरत तो व्यासपीठावर चढला.

“आला, फळीवाला आला!” मंडपातून कुणीतरी खिदळलं.

काकाने माईक धरला.

“फळी... माज्या...”

दिनानाथ पायऱ्या चढून आले. काकाच्या मुठीतून त्यांनी माईक सोडवून घेतला. खालून निकेश घड्याळाकडे बोट दाखवत होता.

“काकानं नाय,” ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी गावची बोली त्यांच्या तोंडी आली होती. “फळीला बांबू मी लावला व्हता.”