मापांच्या वहीतली रिकामी जागा

मी शिलाईच्या दुकानातली मापांची वही बोलतेय. सध्या मुक्काम न्यायालयाच्या लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पाठीवर क्रमांक चिकटवलाय. पण माझं आयुष्य गेलं ते शिलाई मशीनच्या उजव्या बाजूला, खडू आणि कात्रीच्या शेजारी. तिथे माझा काय थाट होता म्हणून सांगू! मी हाताशी नसले तर ताई कात्रीला हात लावत नसे.

ताई म्हणजे माझी मालकीण. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला तिनेच लहानाचा मोठा केला. तो ताई म्हणायचा, म्हणून सगळी वस्तीच तिला ताई म्हणू लागली. अगदी तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा.

तिची लिहायची तऱ्हा वेगळी. गिऱ्हाइकाचं नाव म्हणून ती कधी लिहीत नसे. "नाव कशाला? मी ओळखत नाही होय त्यांना?" माझ्यात सापडेल ते असं: 'पाववाला. कंबर चाळीस. पोट सुटलंय, त्याला सांगू नये.' किंवा, 'दूधवालीचा धाकटा. छाती बत्तीस. वाढतं अंग, शिलाईत कापड सोडणे.' खाली तारीख, आणि त्याच कापडाचा बोटभर तुकडा टाचणीने टोचलेला. माणसांची एक खोड मला पाठ झाली होती. माप देताना जो तो पोट आत ओढतो. ताई इकडच्या तिकडच्या गप्पा काढायची, त्याचा श्वास सुटला की फीत लावायची.

मग लढाई पेटली. शहरात आमची वस्ती मूठभर लोकांची, बोली वेगळी. फौजेला वाटे, आम्ही डोंगरातल्या बंडखोरांना सामील. बंडखोरांना वाटे, आम्ही फौजेचे खबरे. मधल्यामध्ये मरण आमचं.

झडतीला येणारे नावांच्या याद्या करून पुरुषांना नेतात, अशी बातमी आली. बायकांनी डोकं चालवलं. एका सकाळी चौकात जाळ करून घरोघरचे कागद त्यात टाकले. ओळखपत्रं, दाखले, मागे नाव लिहिलेले फोटो, सगळं. "नावच हाती लागलं नाही तर नेतील कोणाला?" शाळेच्या बाईंनी वस्तीतल्या शाळेचे हजेरीपट आपल्या हाताने जाळले. ताईने मलाही नेलं होतं. चाळून पाहिलं आणि परत आणलं. माझ्यात नाव नव्हतंच ना!

नावांवाचूनही नेलं. तिसऱ्या दिवशी, भरदुपारी, फौजेचे दोन ट्रक आले. एकोणीस जणांना भरून नेलं. त्यांत दूधवालीचा धाकटा होता, सोळा वर्षांचा. ताईचा भाऊ दुकानात होता, त्याला तिथूनच नेला.

ताई, दूधवाली आणि शाळेच्या बाई दर मंगळवारी फौजेच्या कचेरीच्या पायऱ्यांवर उभ्या राहू लागल्या. हळूहळू पन्नास बायका झाल्या. मागणं एकच, आमची माणसं कुठे आहेत ते सांगा. तिथल्या साहेबाचं उत्तरही एकच.

"कोणती माणसं? कागद दाखवा. आमच्याकडे अशी कोणाची नोंदच नाही."

शाळेच्या बाई पायरीवरच मटकन बसल्या. "मीच पुसलं गं त्यांना. माझ्या हाताने."

"उठा बाई," दूधवाली म्हणाली. "रडायचं ते घरी. इथे विचारायला आलोय."

या बायकांच्या घरांच्या खिडक्यांवर दगड पडले. बंडखोरांकडूनही निरोप आला, गप घरी बसा म्हणून. त्या बसल्या नाहीत. चौथ्या वर्षी एका मंगळवारी ताईने मला पिशवीत घातलं आणि साहेबाच्या टेबलावर ठेवलं.

साहेबाने दोन पानं उलटली आणि हसायलाच लागला. "पोट सुटलंय, सांगू नये! बाई, यात एक तरी नाव आहे का?"

"नाही साहेब. पण माणूस आहे. छाती छत्तीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. हा माझा भाऊ. हे काय मी मनाने लिहीन?"

"घेऊन जा ते बाड."

बाड! इतका अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता.

लढाई थांबल्यावर शहराबाहेरच्या खाणीत उकरलं गेलं. बाहेरून एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हाडांसोबतचे कपडे धुऊन लांब टेबलांवर मांडले आणि ताईला बोलावलं. दूधवालीही सोबत आली. ताई एकेका टेबलाशी मला उघडायची, तुकडा कापडाला लावायची, फीत धरायची. पाववाला जुळला. मग एक शर्ट आला. ताईने तो उलटा केला, तर शिलाईत सोडलेलं कापड तसंच होतं. ते सोडवायची वेळच आली नव्हती. दूधवालीने त्या शिलाईवरून बोट फिरवलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

अठरा जुळले. एकोणिसावा सापडला नाही.

मग खटला उभा राहिला, आणि न्यायालयात फौजेच्या वकिलाने माझं शेवटचं पान वर धरलं. "ही वही खरी कशी मानायची? हे पाहा. गळा आहे, छाती आहे, खांदा आहे. बाहीचं माप कुठे आहे? माणूसच नसेल तर माप येणार कुठून!"

ताई उभी राहिली. "त्याला नोकरीसाठी मुलाखतीला जायचं होतं. कोटाचं माप घेत होते. बाहीसाठी फीत खांद्यावर धरली आणि दार वाजलं, साहेब."

न्यायाधीशांनी एकोणीस माणसं नेल्याची नोंद करायला सांगितली.

मग कारकून पेन घेऊन पुढे आला. पुराव्याच्या कागदात रिकामी जागा ठेवत नाहीत म्हणे, रेघ मारून बंद करतात. ताईने त्याचा हात धरला. "रेघ नको दादा. माप घ्यायचं राहिलंय." त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पेन खिशात गेलं.

आता मी इथे आहे. कधीमधी कपाट उघडतं, कोणी मला चाळतं. चाळा हो, माझी हरकत नाही. फक्त ती जागा भरू नका. आणि कुठे डावा खांदा अर्धा इंच उतरता असलेला माणूस भेटलाच, तर त्याला सांगा, ताईने कोटाचं कापड अजून कापलेलं नाही.