आरतीला वाजलेला रूळ

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. जेमतेम दोन हात लांब, अंगावर गंज चढलेला. सध्या एका लहानशा तुरुंगाच्या कोठीच्या खोलीत भिंतीला टेकून उभा आहे. हा तुरुंग पेण आणि रोहा यांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच सांगतो. गावाचं नाव सांगून कोणाची शोभा करायचा माझा स्वभाव नाही.

तरुणपणी मी पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या मार्गावर होतो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. गाडी दिसायच्या आधीच ती मला कळायची, कारण अंगात बारीक थरथर सुरू व्हायची. संध्याकाळच्या गाडीने माणसं घरी परतत. कंपनीतली शिफ्ट सुटलेले बाप, माहेरी निघालेल्या लेकी, बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन पेंगणाऱ्या म्हाताऱ्या. ती सगळी माझ्या अंगावरून घरी गेली. मला वाटायचं, त्यांना घरी पोचवणारा मीच. तो माझा गर्व होता, आणि खरं सांगतो, अजून आहे.

पुढे रूळ बदलले. मला कापलं आणि माझा हा तुकडा तुरुंगाच्या फाटकाजवळ साखळीने टांगला. दर तासाला लोखंडी सळीने ठोके पडायचे, जितके वाजले तितके. काही विपरीत घडलं तर मला न थांबता बडवायचं आणि सगळ्यांनी धावत यायचं, असा नियम होता. ज्याने माणसं घरी नेली, तो आता घराची वाट बघणाऱ्यांचे तास मोजू लागला.

ठोके देणारा शिपाई पुंडलिक, गडब गावचा. निवृत्तीला आता दोन वर्षं राहिलेली. कडक दिसायचा, पण मनाने मऊ होता. दर आठवड्याला शांती नवऱ्याला भेटायला यायची. तिचा नवरा केरू, कुंडलिका नदीच्या काठच्या वाडीवरचा. त्याच्या खटल्याची तारीख नुसती पुढे पुढे जात होती. वेळ जावा म्हणून त्याने तुरुंगाच्या स्वयंपाकघरातलं काम मागून घेतलं होतं. भेट संपली की माझा एक ठोका पडायचा.

"चल गो शांती, वेळ झाली," पुंडलिक म्हणायचा.

"दादा, एकच मिनिट. पोरीचं सांगायचं ऱ्हायलंय."

"ठोका पडला गो. माझ्या हातात काय नाय."

ती मान खाली घालून निघायची. एके काळी माझ्या आवाजाने माणसं घराच्या जवळ यायची, आता त्याच आवाजाने दूर व्हायची. मला माझ्या आवाजाची लाज वाटू लागली.

वर्षातून पाच दिवस मात्र मी आनंदाने वाजायचो. गणपतीत! पेणहून छोटी मूर्ती यायची, अंगणात बसायची, आणि संध्याकाळी कैदी आणि शिपाई मिळून आरती करायचे. झांजा आत आणायला मनाई होती. पुंडलिकने त्यावर तोड काढली. फाटकावरची आपली जागा न सोडता तो आरतीला माझ्यावर ठेका धरू लागला. तीन ठोके आणि एक थांबा. सगळ्यांना ते इतकं आवडलं की चार-पाच वर्षांत तो रिवाजच झाला. मीही फुशारून गेलो. त्यात काही चुकतंय, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

गेल्या गणपतीतली गोष्ट. पाचव्या दिवशी आरती रंगात आली होती. केरू नैवेद्याचा भात सांभाळायला स्वयंपाकघरात थांबला होता. आरतीच्या वेळी सगळे अंगणात जातात म्हणून हर्षद नावाच्या शिपायाने सवयीप्रमाणे स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. आत माणूस आहे, हे तो विसरला.

पुंडलिकला कौलांवरून काळा धूर दिसला. फाटकाच्या किल्ल्या त्याच्याजवळ, त्यामुळे जागा सोडायची सोय नव्हती. तो ओरडला, पण आरतीपुढे त्याचा आवाज कोण ऐकणार? मग त्याने मला बडवायला घेतलं. तीन ठोके नाहीत, थांबा नाही, नुसती बडवाबडवी. माझं अंग अंग ओरडत होतं. धावा रे, धावा!

आणि मित्रांनो, अंगणात टाळ्या वाढल्या.

लोकांना वाटलं, पुंडलिकच्या अंगात आलं. ठेका जलद झाला म्हणून आरती जलद झाली. हसत हसत माणसं आणखी जोराने टाळ्या पिटू लागली. आरती संपून कापूर फिरला तेव्हा कुठे कोणाला तरी वास आला. कडी काढली तेव्हा केरू दाराशी पडला होता. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशी लागली. धोक्याचे ठोके ऐकले का, असं प्रत्येकाला विचारलं गेलं. प्रत्येकाने देवाशपथ सांगितलं, "नाय. आरतीचेच वाजत होते." कोणीही खोटं बोललं नाही, तरी सगळ्यांचं मिळून खोटंच झालं. इशारा दिला नाही असा ठपका पुंडलिकवर आला. त्याला घरी बसवलं आणि नोकरी जायची वेळ आली. मी सगळं जाणत होतो, पण कोणी मारल्याशिवाय मला बोलता कुठे येतं?

चौकशी करायला नमिता मॅडम नावाच्या अधिकारी आल्या होत्या. बाई शांत, पण चिवट. कागद मिटायच्या आधी त्या केरूला भेटायला इस्पितळात गेल्या. तिथून आल्या त्या थेट फाटकापाशी, आणि सगळ्यांना पुन्हा गोळा करून त्यांनी भलताच प्रश्न विचारला.

"त्या दिवशी आरती नेहमीपेक्षा जलद झाली का?"

"व्हय मॅडम!" सगळे एकदम म्हणाले. "येवढी जलद कधीच नाय झाली."

"का झाली?"

हर्षदने स्वयंपाकघराच्या कडीकडे पाहिलं. "दादा आमाला बोलावत व्हता," तो म्हणाला, "आन आमी टाळ्या वाजवत व्हतो."

पुंडलिक कामावर परत आला. मॅडमनी अहवालात लिहिलं की चूक एका माणसाची नाही. धोक्याच्या घंटेला दुसरं काम देऊ नये, आणि आत माणूस नाही हे पाहिल्याशिवाय कुठल्याही दाराला कडी लावू नये. आता फाटकावर भोंगा बसला आहे. महिन्यातून एकदा तो अचानक वाजवून बघतात, तेव्हा हातातला घास टाकून सगळे धावतात. झांजांनाही रीतसर परवानगी मिळाली. मला मात्र खाली उतरवलं.

इथे अंधारात मला फार आठवण येते. आरतीची, भातखाचरांची, संध्याकाळच्या गाडीची. एकदा, एकदाच कोणी ठोका द्यावा असं वाटतं. पण मी तो मागणार नाही. माझ्या आवाजाचा हट्ट एका माणसाच्या हाताहून मोठा नाही.

मागच्या महिन्यात केरू निर्दोष सुटला. शांती न्यायला आली होती. कपड्यांचं गाठोडं घ्यायला तो पुंडलिकबरोबर या खोलीत आला आणि मला बघून थबकला.

"दादा, मॅडमनी मला इचारलं, तू काय ऐकलंस? मी बोललो, आरतीला तीन ठोके नि थांबा. त्या दिवशी थांबाच नव्हता. मला कळलं, ह्यो माझ्यासाठी वाजतोय. म्हणून मी दाराशी सरपटत आलो. नायतर चुलीपाशीच संपलो असतो."

त्याने आपला आखडलेला, सुरकुतलेला हात माझ्यावर ठेवला. मग केरू आणि शांती रोह्याच्या वाटेला लागली. पुंडलिक दारात तसाच उभा होता. दुरून गाडीची शिट्टी आली, आणि किती वर्षांनी माझ्या अंगात बारीक थरथर झाली.

मित्रांनो, धोक्याचा आवाज खेळात, उत्सवात वापरू नका. आणि ओळखीचा आवाज कधी वेगळा वाटला, तर टाळी थांबवून क्षणभर ऐका. कदाचित कोणीतरी कडी काढायची वाट बघत असेल. माझ्या अंगावरून हजारो माणसं घरी गेली, पण माझ्या आवाजाने घरी गेला तो केरू एकटाच.