चष्म्याच्या आत

ओळखीतले सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिने जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. नवरा मोटार चालवायला शिकवायचा, लोक त्याला मास्तर म्हणायचे, म्हणून ती मास्तरीणबाई. स्वतः ती एका कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची, आणि तिची कात्री दोरासुद्धा इकडचा तिकडे होऊ देत नसे. पण ते कोण लक्षात घेतो!

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. हात उगारणं सोडाच, ते आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. फक्त सांगायचे. रस्ता ओलांडताना सांगायचे, भाजी चिरताना सांगायचे, कुठल्या कुशीवर झोपावं तेही सांगायचे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक वेगळा ब्रेक होता. घरात तो कुठे बसवलाय, ते तिला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं.

आता लांबच्या शहरातल्या एका कारखान्याने तिला बेतकामाची मुख्य म्हणून बोलावलं होतं. राहायला कारखान्याच्या वरच एक खोली. त्या खोलीत ती मनाने कधीच राहायला गेली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत फोन करून हो की नाही ते कळवायचं होतं, आणि मास्तरांना अजून कशाचा पत्ता नव्हता. जेवताना सांगू, झोपताना सांगू, असं करत आठवडा गेला. आणि नेमके आजच मास्तर आभासी चित्रपटांच्या प्रदर्शनाचे दोन पास घेऊन आले.

प्रदर्शन एका जुन्या गोदामात होतं. काळे पडदे, फिरती स्टुलं, आणि त्यांवर डोळ्यांना डबे बांधून बसलेली माणसं. कुणी हवेत हात फिरवत होतं, कुणी आ वासून छताकडे बघत होतं.

"तिकीट काढून आंधळी कोशिंबीर," मास्तर म्हणाले. "आधी तू बस. ताठ बस."

तिथल्या बाईने तिच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला, मागे पट्टा आवळला. "तुमची नजर जाईल तिकडे गोष्ट जाईल," ती म्हणाली. "कुठे बघायचं ते तुम्हीच ठरवायचं. कुणी सांगणार नाही."

हे ऐकूनच मास्तरीणबाईंना हायसं वाटलं.

आत एक रिकामं घर होतं. दारंच दारं. एका दाराकडे ती बघत राहिली, तर ते हळूच उघडलं. पुढे जिना, जिन्यावर ऊन. कुणी घाई करत नव्हतं. ती नुसती उन्हाकडे बघत बसली, आणि तिला फार बरं वाटलं.

"अगं, उजवीकडे बघ!"

ती दचकली. कानांवरच्या हेडफोनमधूनही मास्तरांचा आवाज स्वच्छ आला.

"इथे भिंतीवर पडदा आहे. तू बघतेस ते सगळं मला दिसतंय. उजवीकडे खिडकी आहे बघ."

तिने मुद्दाम डावीकडे बघितलं.

"तिकडे काही नाही गं."

तिने डोळे मिटले. त्या चष्म्याला मेल्याला बुबुळांचीही खबर होती.

"डोळे का मिटलेस? गोष्ट थांबली ना!"

चष्मा काढायला तिचा हात मागे गेला, पण पट्ट्याचा चाप काही सापडेना. तिने दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली. मास्तरांचा चेहरा दिसत नव्हता, तेवढाच काय तो आधार.

"अहो, मला दुसरीकडे काम मिळालंय. लांब. मी जाणार आहे."

कान झाकलेले, त्यामुळे आपण ओरडतोय हे तिला कळलंच नाही. बाईने धावत येऊन चष्मा काढला, तेव्हा सगळी रांग तिच्याकडे बघत होती. मास्तर उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढी मोठी गोष्ट, आणि मला सांगायला भ्यायलीस?" ते म्हणाले. "वेडी कुठली! अगं, गाडी न येणारी माणसं काय तिकडे नसतील? मी तिथे शिकवीन. आपण जाऊ."

रांगेतून टाळ्या पडल्या. "नशीब काढलंत हो, बाई," एक आजी म्हणाल्या.

तिच्या 'मी'चं 'आपण' व्हायला एवढासा वेळ लागला. 'एकटी' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण टाळ्या वाजवणाऱ्या माणसांसमोर तो काढायचा कसा? नवरा दुष्ट असता तर सोपं होतं. हा तर तिच्यासाठी चालतं काम सोडायला निघाला होता. तिला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

"अहो, आज संध्याकाळपर्यंत त्यांना फोन करून कळवायचंय, पण मी..."

"फोन दे इकडे. तुझा आवाज थरथरतोय."

तिने फोन दिला. नंबर कुठला, तेही सांगितलं.

"नमस्कार," मास्तर म्हणाले. "हो, तिच्याच कामाबद्दल. आमचा होकार आहे. आम्ही येतोय." पलीकडून अभिनंदन झालं, तेही त्यांनीच घेतलं. मग फोन तिच्या हातात ठेवून तिच्या पाठीवर मायेने थोपटलं.

"झालं," ते म्हणाले. "सुटलीस एकदाची."