आधी तास होऊ दे

गुरुवारी सकाळी डर्व्हला नेहमीसारखी कोट घालूनच शिकवत होती. चीनमधल्या शाओयांगच्या त्या शाळेत एका वर्गात सत्तर पोरं बसत. हिवाळ्यात सगळी कोटांत फुगलेली असत आणि धडा म्हणताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघे. शनिवारी दाखवायचा तास होता. जिल्ह्याचे साहेब, पालक, आसपासच्या शाळांचे मास्तर मागे खुर्च्या टाकून बसणार आणि त्यांच्यापुढे परदेशी बाईंनी, म्हणजे डर्व्हलाने, इंग्रजी शिकवायचं. शाळेच्या फाटकावर तिचा चेहरा फाटकाहून मोठा करून लावला होता.

तालीम क्वांगबाई घेत होत्या. परदेशी शिक्षकांचं सगळं त्यांच्याकडेच असे: व्हिसा, बिघडलेला गिझर, ताप आला तर दवाखाना, घरून येणारे फोन.

"हात सगळ्यांनी वर करायचे," त्या पोरांना बजावत होत्या. "येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाई फक्त उजव्या हातवाल्यांना उठवतील. कळलं?"

"आणि बाई, डावखुऱ्यांनी?" मागून एका मुलीने विचारलं.

"डावखुऱ्यांनी तोंड बंद ठेवायचं."

वर्ग खो खो हसला. डर्व्हलालाही हसू आलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "क्वांगबाई, ही फसवणूकच की हो."

"अगं, नवरीला पावडर लावतात ती काय फसवणूक असते? चल, जेवून घे. गारठलीस."

डर्व्हलाने त्या आठवड्यात मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षाच्या करारावर सही करायची नाही. घरी जायचं. फक्त वडिलांना सांगायचं राहिलं होतं.

वडील आयर्लंडला, मेयोत. जन्मभर दुधाचा टँकर चालवला, बायको गेल्यावर मुलाजवळ राहिले. दर रविवारी क्वांगबाईंच्या ऑफिसात त्यांचा फोन येई. इकडे पाऊस, तिकडे थंडी, गावात कोण आजारी, कोण गेलं. शेवटी ठरलेलं वाक्य: "तू तुझं बघ, इकडची काळजी नको." दोन वर्षांत 'ये' असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि यायचंय असं तीही म्हणाली नाही. दोघं एकाच माळेचे मणी. या रविवारी मात्र पावसाच्याही आधी तेच बोलायचं, असा तिचा निश्चय होता.

शनिवारचा तास झोकात झाला. सत्तर हात एकदम वर गेले. साहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या. मग जेवण. डुकराच्या रक्ताच्या वड्या, मिरचीत बुडालेला मासा, घसा जाळणारी दारू. हेडमास्तर पेला उंचावून म्हणाले, "बाई म्हणजे आमच्या शाळेचं नशीब!" डर्व्हलाला पुन्हा पुन्हा प्यावं लागलं. क्वांगबाई स्वतः काही खाईनात. माशाचे चांगले चांगले तुकडे मात्र हिच्या वाडग्यात टाकत राहिल्या.

जेवणानंतर त्यांनी तिला ऑफिसात नेलं, दार लावलं आणि कपभर गरम पाणी पुढे ठेवलं.

"बस. घरून फोन होता. तुझे वडील गेले."

"कधी?"

"काल."

"आणि फोन आज आला?"

क्वांगबाई कपाकडे बघत राहिल्या. "पहिला गुरुवारी दुपारीच आला. तेव्हा ते दवाखान्यात होते. झटका आला होता. तुझा भाऊ म्हणाला, बोलता येत नाहीये, पण ऐकू येतंय, तिला फोनवर बोलवा. मी सांगितलं, ती मुलांना घेऊन परगावी गेलीय, शनिवारी येईल."

"मी खाली मैदानात होते."

"हो. खिडकीतून दिसत होतीस."

डर्व्हलाच्या तोंडाला अजून दारूचा वास येत होता. त्याचीच तिला किळस आली.

"काय करणार होतीस गं?" क्वांगबाई म्हणाल्या. "पोचायलाच दोन दिवस. नुसती रडली असतीस. आधी तास होऊ दे, म्हटलं. आमच्यात मोठ्या कामाच्या तोंडावर असली बातमी देत नाहीत. माझी आजी गेली तेव्हा माझी कॉलेजप्रवेशाची परीक्षा होती. घरात कोणी तोंडातून अक्षर काढलं नाही. परीक्षा देऊन गावी गेले, तर आजीच्या खाटेवर धान्याची पोती."

"मग?"

"मग काय? पास झाले. त्यांनी भल्यासाठीच केलं."

"तुम्हाला राग नाही आला?"

क्वांगबाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "मला कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या.

डर्व्हला तापाने फणफणली होती तेव्हा हीच बाई रात्रभर उशाशी बसली होती. वैऱ्याने केलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

"तुम्ही बाहेर जा. मला घरी फोन करायचाय."

क्वांगबाई गेल्या. दाराच्या धुरकट काचेवर त्यांची सावली मात्र उभी राहिली.

पलीकडे तिकडची सकाळ होती. धाकट्या भावाने, कॉर्मकने, फोन उचलला.

"आलीस परगावाहून?"

"मी गेलेच नव्हते. मला आत्ता सांगितलं त्यांनी."

"शेवटपर्यंत फोनकडे बघत होते, ताई. वाजला की डोळे तिकडे."

मागे कपबशा वाजत होत्या, कोणी जपमाळ पुटपुटत होतं.

"कुठे आहेत ते?"

"बाहेरच्या खोलीत. सूट घातलाय. रात्रभर माणसं बसली होती. उद्या दफनाला नेणार."

"फोनची वायर तिथपर्यंत पुरते?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"पुरते का ते सांग."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ब्रिजीमावशी, जरा बाजूला होता का?" कोणीतरी "अरे, पण..." म्हणालं आणि थांबलं. जपमाळही थांबली.

"त्यांच्या कानाशी धरलाय," कॉर्मकचा आवाज लांबून आला. "बोल."

डर्व्हलाने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. पाऊस पडतोय का, असं आधी तोंडात आलं, ते तिने गिळलं.

"बाबा," ती म्हणाली, "मला इथे राहायचं नाही. पहिल्या हिवाळ्यापासूनच नाही. मला घरी यायचंय. तुम्ही ये म्हणाल, म्हणून थांबले होते."