ओढ्याच्या वरच्या अंगाला

"तुझे बाबा हल्ली मासे धरायच्या काठीचं टोक पुढे धरून चालतात. जरा लक्ष ठेव," असं बाबांचे मित्र, दातांचे डॉक्टर काका, फोनवर म्हणाले, तेव्हा मी माझ्या लेकीच्या, छकुलीच्या काखेत थर्मामीटर धरून बसले होते.

"काका, चालतायत ना? मग झालं," म्हणून मी फोन ठेवला.

बाबा पिसांची खोटी माशी गळाला बांधून झुडपांतल्या अरुंद ओढ्यांत मासे धरायचे आणि लगेच सोडून द्यायचे. "एवढा आटापिटा करून परत सोडायचे, तर जायचंच कशाला?" असं माझा नवरा दर वेळी विचारायचा. काठी फायबरग्लासची, छकुलीलाही उचलता येईल इतकी हलकी. झाडीतून चालताना तिचं टोक मागे ठेवायचं, नाहीतर ते फांदीत अडकून मोडतं. काकांना हे शिकवलं होतं बाबांनीच.

मी तशी काळजीखोर. छकुली गाढ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. बाबांना मात्र मी "कसे आहात?" विचारायचे, ते "मस्त" म्हणायचे, आणि मी पुन्हा बाटल्या उकळायला वळायचे.

काठी टोकाशी मोडली. दुरुस्त करून आणली, तर पुन्हा मोडली. मग मात्र मी छकुलीला पाठीशी बांधून त्यांच्याबरोबर गेले.

बाबा गुडघ्यांवर रांगत पाण्याशी पोचले. "खाली वाक. सावली पडली की पळतील सगळे."

"नात कानाशी किंचाळतेय, आणि तुम्हाला सावलीचं पडलंय."

"किंचाळू दे. आजीवर गेलीय."

काठी मागे गेली. बाबा थांबले. ही काठी संथ, तिला घाई चालत नाही. दोरी मागे पुरती सरळ होऊ द्यावी लागते. मग हात पुढे आला आणि माशी दगडामागच्या पाण्यावर अलगद उतरली. मासा लागला. बाबांनी हात ओला करून तो सोडवला, पाण्यात धरून ठेवला, तो स्वतःहून निसटेपर्यंत. मला इतकं हायसं वाटलं. ज्याचे हात असे चालतात त्याला काय होणार आहे?

मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, म्हणून ही माणसं खालून वर चढत जातात, माशांच्या पाठीमागून. घरी यायचं ते उतरत. त्या दिवशी निघायची वेळ झाली आणि बाबा वर चालू लागले.

"बाबा, गाडी खाली आहे."

"घर या बाजूला आहे." मग माझं तोंड बघून हसले. "घाबरलीस ना? गंमत केली गं."

मला ती गंमत हवीच होती. मीही हसले.

थंडी सुरू झाल्यावर एका संध्याकाळी ते परतलेच नाहीत. शोधायला आलेली माणसं ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली. वाट चुकलेला माणूस पाण्याबरोबर उतरत जातो, म्हणाली. मी म्हटलं, वर बघा. "ताई, वर काहीच नाही. तिकडे कशाला जातील?" त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांना बाबा ठाऊक नव्हते.

शेवटी काकाच वर गेले. उजाडल्यावर त्यांना बाबा सापडले, ओढा एका पावलात ओलांडता येईल इतका बारीक होतो तिथे, दगडाला टेकून बसलेले. पायांत ओले बूट. अंग गार पडून बराच वेळ झाला होता.

"घरीच निघाला होता गं तो," काका मला म्हणाले आणि दारातच खाली बसले.

तुमच्याकडेही कोणीतरी असेल, एकटं जाणारं, एकटं येणारं, विचारलं की मस्त म्हणणारं. त्यांना फोनवर काही विचारू नका. या आठवड्यात एकदा त्यांच्याबरोबर जा, आणि परत येताना वाट त्यांना दाखवू द्या. तुम्ही फक्त मागून चाला आणि बघा.