चोप खाल्लेली नाणी

बोर्ड चांगला दोन माणसांनी उचलावा एवढा होता. लाल पार्श्वभूमी, त्यावर सोनेरी अक्षरं: 'विश्वजित यांचा दुर्मिळ नाण्यांचा खाजगी संग्रह'. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या हॉलच्या दारात पोहोचलो आणि माझ्यासोबत हुपरीहून आलेली धोंडाक्का जागच्या जागी थांबली. आपल्या काकूला वाचता येतं, हे विश्वजितच्या ध्यानातनं गेलं असावं.

"थापाड्या, काय लिवलंय रं?" अक्कानं मला विचारलं. तिचं वाचून झालं होतं. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी वाचलं. जन्मात पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं करायला थाप मारावीशी वाटली, पण अक्षरंच केवढाली होती!

आता ही नाणी कुणाची, ते हुपरीत कुणालाही विचारा. आमच्याकडं घराघरात पैंजण होतात. पूर्वी त्यासाठी जुनी चांदी पोत्यानं यायची, वितळवायला. त्यात मधूनच परदेशी डॉलर निघायचे आणि त्यांच्या तोंडावर बारीक बारीक ठसे असायचे. चीनचे व्यापारी म्हणे परमुलखाचं नाणं हातात आलं की आधी चांदी पारखायचे, आणि खरी निघाली की आपल्या पेढीचा ठसा हातोडीनं वर ठोकायचे. 'मी पारखलंय, खोटं निघालं तर माझ्याकडं या', असा त्या ठशाचा अर्थ. नाणं पुढच्याकडं गेलं की तोही आपला ठोकायचा. शिकलेली माणसं ह्या ठशाला 'चॉप' म्हणतात. आमच्याकडं त्याचा 'चोप' झाला, आणि त्या नाण्यांची थोबाडं बघितली तर आमचाच शब्द खरा.

बाकीच्या बायका लक्ष्मीपूजनाला गुळगुळीत राणीछाप रुपये मागून घ्यायच्या. धोंडाक्का वितळायला मुशीत निघालेल्या चांदीतनं चोप खाल्लेली तेवढी वेचायची आणि बदली आपल्या अंगावरची चांदी द्यायची. आधी पैंजण गेले, मग तोडे, मग कमरपट्टा. एकदा जोडवी काढून दिली तेव्हा सासूनं तिच्याशी अबोला धरला. नवरा म्हणायचा, "अगं, मार खाल्लेली नाणी जमवून काय करणार हायेस?" ही म्हणायची, "एवढा मार खाऊन बी खरी ऱ्हायल्यात की न्हाय?"

त्यातलं एक नाणं इतक्या हातांतनं फिरलं होतं, की ठोकून ठोकून वाटीसारखं खोलगट झालं होतं. मी स्वतः त्यातनं चहा प्यालोय. दुसरं एक फरशीवर पडलं की चिनी भाषेत वाजायचं. ते ऐकून अक्काचं मांजर जे घाबरून पळालं, ते राधानगरीच्या जंगलात सापडलं, आणि तिथल्या वाघांना ते अजून ती गोष्ट सांगतं. पटत नसेल तर सोडा, पण नाणी अक्काची होती हे तरी पटवून घ्या.

परदेशात अशा नाण्यांचे नामांकित संग्रह असतात, त्यांचे जाडजूड कॅटलॉग निघतात आणि त्यात जमवणाऱ्याचं नाव आधी, नाणं मागनं, हे विश्वजितनं मोबाईलवर वाचलं. धावत हुपरीला आला. काकूच्या पाया पडला. "प्रदर्शनाला द्या की, काकू. तुमचं नाव हुईल." हे त्याचे शब्द. मी तिथंच पोहे खात बसलो होतो.

आणि आता हा बोर्ड!

आत विश्वजित कोट घालून उभा होता. शेजारी पुण्याच्या निशिगंधा मॅडम काचेच्या पेटीवर वाकून भिंगातनं नाणी बघत होत्या. कॅटलॉग त्या करणार होत्या.

"काकू! या की, बसा. चा सांगू?"

"चा तुझ्या बोर्डाला पाज. माझं नाव कुठाय?"

"अवो, हळू. घरचंच हाय की सगळं. माझं काय आन तुमचं काय."

"मग माझं घाल. घरचंच हाय की."

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. विश्वजित ओशाळं हसला आणि अक्काच्या कानाशी वाकला. पण कोल्हापुरातलं कुजबुजणं म्हणजे काय, ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. "काकू, धोंडुबाई म्हणून बोर्ड लावला तर लोकांना वाटंल, हितं पापडाचं प्रदर्शन हाय."

चार माणसं हसली. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ज्या बाईनं पायातली जोडवी काढून दिली, तिच्या तोंडावर हे? अक्कानं पदर खोचला आणि बाहेर निघून गेली.

"वय झालंय. लई मनाला लावून घेत्यात," विश्वजित मॅडमना सांगत होता.

अक्का परत आली ती गुंडूला घेऊन. हा गुंडू भांड्यांच्या दुकानात बसतो. लग्नातल्या हंड्यावर, तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं नाव घालायचं, हा त्याचा धंदा. बगलेत मशीन, खांद्यावर वायर.

"पावणं, प्लग कुठाय?" त्यानं थेट मॅडमनाच विचारलं.

अक्कानं पेटीचं झाकण उघडलं आणि ते वाटीसारखं नाणं बाहेर काढलं.

"काय घालू, आक्का? सप्रेम भेट?"

"भेट दिल्यालं न्हाय म्हणून तर आलोय. नुस्तं धोंडुबाई घाल."

"काकू!" विश्वजित किंचाळला. "नाणं वाया जाईल! मॅडम, सांगा की वो!"

मॅडम पुढं झाल्या. "आजी, नवा ओरखडा उठला तर ती खराबी धरतात. कुणी संग्राहक त्याला हात लावणार नाही."

"मग ह्ये सगळं कुणी मारलंय?"

"चिनी व्यापाऱ्यांनी. ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात नाणं होतं, त्यांनी."

"आन माझ्या ताब्यात काय व्हतं? पापड?"

अक्कानं नाणं गुंडूपुढं ठेवलं.

"त्येनी ठोकलं तर इतिहास, आन मी ठोकलं तर खराबी व्हय? लाव रं, गुंडू!"

टर्रर्र. सगळा हॉल दात आवळून ऐकत होता. 'धों'वरचा अनुस्वार एका चिनी अक्षराच्या पोटात जाऊन बसला. गुंडूनं फुंकर मारली, नाणं पँटीला पुसलं आणि अक्काच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरून वाचलं.

"बरं आलंय. दुसरं घे."

"थांबा! बदलतो! बोर्ड बदलतो!" विश्वजितनं टेबलावरचा कागद ओढला, मार्करनं घाईघाईनं लिहिलं आणि पळत जाऊन बोर्डावर आपल्या नावाच्या जागी चिकटवला. आता बोर्ड म्हणत होता: 'विश्वजित यांच्या काकूंचा दुर्मिळ नाण्यांचा खाजगी संग्रह'.

अक्कानं दारात जाऊन एकेक शब्द सावकाश वाचला आणि परत आली.

"गुंडू, मशीन चालू कर."

"आता काय झालं, काकू?"

"कुणाची काकू म्हणून जोडवी दिली न्हवती मी!"

दुसऱ्या नाण्यावर नाव उठलं. अक्का तिसरं उचलायला गेली, तशा निशिगंधा मॅडम मधे आल्या. त्यांनी विश्वजितच्या हातातला मार्कर काढून घेतला आणि अक्कापुढं धरला. "आजी, तुम्हीच लिहा. जे लिहाल तेच कॅटलॉगवर छापीन. पण तेवढं मशीन बंद करायला सांगा."

अक्कानं दारात जाऊन पुतण्याचा कागद टराटरा फाडला. नवा कागद घेतला, बोर्डाला टेकवला आणि कागदभर अक्षरात लिहिलं: धोंडुबाई.

विश्वजित मागं उभा होता. काहीतरी सावरावं म्हणून हळूच म्हणाला, "काकू, आडनाव ऱ्हायलं की."

"त्ये तुझं बी हाय," अक्का म्हणाली. "नगं."